स्मरणार्थ संगणक

मंगळवारी सकाळी साडेदहाला सुगंधाबाई सुरू होईनात, तेव्हा मी अजिबात घाबरलो नाही. मी गणिताचा शिक्षक आहे. वर्गातली साठच्या साठ पोरं एकाच दिवशी गृहपाठ विसरून येतात तरी मी घाबरत नाही, तिथं एका बटणाचं काय? मी बटण दाबलं. परत दाबलं. मग जरा दरडावून दाबलं. आत कुठंतरी 'टुक' झालं आणि सगळं थंड. पंखा फिरेना, दिवा लागेना.

सुगंधाबाई म्हणजे आमच्या समाजाच्या वधू-वर सूचक मंडळाचा सर्व्हर. गारखेड्यात पिठाच्या गिरणीच्या वर आमचं एका खोलीचं कार्यालय आहे आणि त्यात असे तीन सर्व्हर आहेत. एका खोलीला तीन सर्व्हर कशाला, असं बाहेरचा माणूस विचारतो. आतला विचारत नाही, कारण तो देणगीदारांना ओळखतो. तीन वर्षांपूर्वी सचिव या नात्यानं मी आवाहन केलं होतं की स्थळांची माहिती ठेवायला मंडळाला एक चांगलं यंत्र हवंय. अध्यक्ष मल्हारराव म्हणाले, नुकत्याच गेलेल्या पत्नीच्या स्मरणार्थ मी देतो. उपाध्यक्ष नानासाहेब म्हणाले, वडिलांच्या स्मरणार्थ मीच देणार. तिसरे विश्वस्त हनुमानराव काहीच म्हणाले नाहीत, थेट आईच्या नावाची पितळी पाटी करून घेऊन आले. आमच्याकडे एकदा पाटी झाली की देणगी नाकारता येत नाही. कार्यालयातल्या पंख्यापासून माठाच्या ओगराळ्यापर्यंत प्रत्येक वस्तू कोणाच्या ना कोणाच्या स्मरणार्थ आहे.

तोडगा काढला तो पुण्याच्या कंपनीतल्या मेघा मॅडमनी. त्या फोनवर म्हणाल्या, "सर, तिन्ही जोडून टाकू. तीच माहिती तिघांकडे राहील. एक पडलं तरी उरलेली दोन सांभाळतील." याला क्लस्टर म्हणतात. प्रत्येक यंत्राला नाव द्यायचं होतं, ते मी पाट्या बघून दिलं: सुगंधा, कडुबा, सारजा. ही कल्पना माझी होती आणि तिचा मला अभिमान होता. होता, असंच म्हणतो.

या व्यवस्थेचा एक नियम आहे. यादीत जितकी यंत्रं, त्यांतल्या निम्म्याहून जास्त यंत्रांनी मान डोलवली तरच कारभार चालतो. तिघांत दोन हवीत. म्हणजे सुगंधाबाई पडल्या तरी काम चालू होतं, पण आणखी एकाला नुसती शिंक आली असती तरी सगळं ठप्प. आणि रविवारी बीड बायपासच्या मंगल कार्यालयात आमचा वार्षिक मेळावा. अकराशे चाळीस मुलामुलींची स्थळं, सगळी या यंत्रांत. कागदावर एकही नाही. कारण गेल्या दिवाळीत "कागदाचं युग संपलं" असं भाषण करून मी मंडळाच्या बावीस वह्या स्वतःच्या हातानं भंगारवाल्याच्या गाडीवर ठेवल्या होत्या. त्या दिवशी आमची ज्ञानेश्वरी एवढंच म्हणाली होती, "दोन-चार तरी ठेवा, वह्यांना वीज लागत नाही." बायकोचं एखादं वाक्य आपण त्या वेळी ऐकत नाही आणि नंतर ते जन्मभर ऐकू येत राहतं.

घरी आलो तर शेजारचे सांडूअण्णा ओट्यावर हजर. अण्णा वाळूजच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेत आणि दुरुस्तीच्या बाबतीत त्यांना नकार ही गोष्ट ठाऊक नाही.

"कुछ नै होता सर," ते म्हणाले. "रॅम काढा, खोडरबरनं घासा, परत बसवा. आमची अख्खी लाईन आम्ही खोडरबरावर चालवली. चला, मीच येतो."

"अण्णा, ती नाजूक वस्तू आहे."

"म्हणून तर पेन्सिलीचं रबर म्हणतोय, शाईचं नाय."

कार्यालयात येऊन अण्णांनी पेचकस घेतला, झाकण उघडलं आणि आम्ही दोघंही एकदम दोन पावलं मागं सरकलो. आत पाल होती. मेलेली, वाळून कडकडीत झालेली. दोन पाय या पट्टीवर आणि दोन त्या पट्टीवर. विजेला मधून रस्ता करून देऊन ती कायमची गेली होती आणि जाताना सर्व्हरला सोबत घेऊन गेली होती. अण्णांनी दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला.

पाल आत आली कशी, याचा मी गणिती पद्धतीनं शोध घेतला आणि उत्तर आलं ते माझ्यावरच. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात, मग मंडळाचं हत्यार म्हणजे संगणक, असं मीच म्हणालो होतो. झेंडूच्या माळा, हळदकुंकू आणि प्रत्येक यंत्राच्या डोक्यावर एक पेढा. पेढ्याला मुंग्या आल्या, मुंग्यांमागं पाल आली. हा शोध मी अण्णांना सांगितला नाही.

मेघा मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "सोपं आहे सर. जी मशीन जाणार आहे तिनं स्वतःच सांगायचं असतं की मी यादीतून बाहेर पडतेय. तुम्ही फक्त ती सुरू करा आणि..."

"मॅडम, ती सुरू होत असती तर मी तिला काढली कशाला असती?"

मॅडमनी दुसरा मार्ग काढला. "मग जबरदस्तीनं काढावं लागेल. ते दुसऱ्या मशीनवरून होतं. पण त्याला फॉर्म आहे सर. तुमच्या मंडळाचा ठराव, तीनपैकी दोन विश्वस्तांच्या सह्या आणि बंद मशीनचा फोटो. फोटोत नावाची पाटी स्पष्ट दिसली पाहिजे. जुनी काढल्याशिवाय नवीन घालता येणार नाही."

म्हणजे इथंही तीनपैकी दोन! आणि हनुमानराव गेले होते ऑस्ट्रेलियात, मुलाकडे, सहा महिन्यांसाठी. फोन लागत नव्हता. यंत्रांत एक बंद, विश्वस्तांत एक बंद. मी गणिताचा माणूस, पण इतकं तंतोतंत उत्तर आलं की मलाही भीती वाटते.

नानासाहेबांची सही एका मिनिटात मिळाली. चितेगावला त्यांचा प्लॅस्टिकच्या क्रेटचा कारखाना आहे. मी तिथं गेलो तर त्यांनी कागद न वाचताच सही ठोकली. "काढा, काढा! आमचा म्हातारा बघा सर, आजून खणखणीत हाय. तीन वर्षांत एकदा खोकला नाय. वस्तू घ्यावी तर पारखून घ्यावी, व्हय का नाय?" एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हेच वाक्य मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, वर वडिलांचा, म्हणजे कडुबांचा, फेट्यातला फोटो लावून.

ते वाक्य मल्हाररावांनी वाचलं.

मल्हारराव सत्तरीचे. मूळ पिशोरचे. पूर्वी त्यांच्या घरी दीडशे मेंढरं होती. आता बजाजनगरला मुलाकडे राहतात आणि रोज सिटी बसनं कार्यालयात येतात. काम काही नसतं. दाराशेजारी सुगंधाबाईंची पाटी असलेलं यंत्र आहे, त्याच्या बाजूच्या खुर्चीत बसतात आणि चारच्या बसनं परत जातात. मी ठरावाचा कागद त्यांच्यापुढं ठेवला.

"काढायचं म्हंजी?" त्यांनी विचारलं.

"फक्त यादीतून, अध्यक्ष."

"यादीतनंच काढत्यात समदीकडं." कागदाला त्यांनी हातही लावला नाही. "रेशन कार्डावर आजून हाय तिचं नाव. पोरगं दोनदा म्हणलं, बाबा, काढून घेऊ. म्या म्हणलं, ऱ्हाऊ दे, काय खातंय का ते? तिथनं नाय काढलं, तर हितनं कशाला काढू?"

मी त्यांना समजावलं की हे यंत्र आहे. ते म्हणाले, मला ठावं हाय ते यंत्र हाय, मी काय येडा नाय. मी मेळाव्याचं सांगितलं. ते म्हणाले, दोन चालू हायती ना? मी निम्म्याहून जास्तचा नियम फळ्यावर आकृती काढून सांगितला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि चारच्या बसनं निघून गेले. बुधवारी हेच झालं. गुरुवारी तर मी आकृतीत रंगीत खडू वापरले. शाळेत मला 'अवघड गणित सोपं करणारे सर' म्हणतात. तीन दिवसांत मल्हाररावांनी माझ्या त्या लौकिकाची पार माती केली.

शुक्रवारी पिशोरहून सुकेशनी नावाच्या एक बाई मुलीचं स्थळ नोंदवायला आल्या. मुलगी, संस्कृती, परिचारिका आहे, तिला त्या दिवशी सुट्टी मिळाली नव्हती. मी माहिती भरली, बटण दाबलं आणि यंत्र थांबलं. दर वेळी असंच व्हायचं. नवीन नोंद आली की आधी ते बंद पडलेल्या जोडीदाराला हाक मारायचं, उत्तराची वाट बघायचं आणि मगच पुढं जायचं. बाई सारख्या घड्याळाकडं बघत होत्या, त्यांची परतीची एसटी होती.

"काय करतंय ते?" मल्हाररावांनी खुर्चीतून विचारलं.

"सुगंधाबाईंची वाट बघतंय," मी म्हणालो. तीन दिवसांच्या वैतागात तोंडातून गेलं खरं.

ते उठून पडद्यापाशी आले. "किती येळ बघतं?"

"चार मिनिटं. मग पुढं जातं."

"चारच मिन्टं," मल्हारराव म्हणाले. सुकेशनीबाई गेल्यावर त्यांनी कागद मागून घेतला आणि सही केली. इतका वेळ मी त्या सहीसाठी जीव टाकत होतो आणि मिळाली तेव्हा मला चोरी केल्यासारखं वाटलं.

मी पाटीचा फोटो काढला, फॉर्मवर 'सुगंधा' लिहिलं, ठराव जोडला, सगळं पाठवलं. अर्ध्या तासात मेघा मॅडमचा फोन आला. "फॉर्ममधलं नाव आणि फोटोतलं नाव जुळतंय सर. मंजुरी आलीय. आता मी सांगते ते टाइप करा." मी केलं. मल्हारराव माझ्या पाठीशी उभे होते, टोपी काढून हातात घेतलेली. शेवटचं बटण दाबायच्या आधी पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजी ओळ आली. तिचा अर्थ असा की सुगंधा सुस्थितीत आहे आणि काम करत आहे, तरीही कायमचं काढायचं का?

इथं वाचक म्हणेल, अरे माणसा, थांबायचं होतं ना! पण वाचकानं आपल्या वॉर्डाची मतदार यादी कधी पाहिली आहे का? त्या यादीत माझे आजोबा आजही आहेत. त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. मेलेला माणूस कागदोपत्री ठणठणीत असणं, यात आपल्याला नवल वाटेनासं झालंय. मला वाटलं, यंत्राकडं अजून खबर पोचली नसेल.

"सर, सिस्टीम वेगळंच दाखवतेय," मेघा मॅडम म्हणाल्या. "एकदा खात्री करता का?"

माझा स्वाभिमान दुखावला. "मॅडम, तुम्ही पुण्यात आहात. मी इथं समोर उभा आहे. मी स्वतःच्या डोळ्यांनी तिच्यातली पाल पाहिलीय. ती गेलेली आहे." आणि मी बटण दाबलं.

खिडकीपाशी, कडुबांच्या पाटीखालचं यंत्र बारीक घरघरत होतं. त्याची घरघर थांबली. मग सारजाबाईंच्या पडद्यावरून सगळी स्थळं एकदम नाहीशी झाली आणि मधोमध एक ओळ उरली. मेघा मॅडमनी ती वाचून दाखवली: यादीत दोन यंत्रं, त्यांतलं एकच चालू, बहुमत नाही, काम बंद.

अकराशे एक्केचाळीस स्थळं! मंगल कार्यालय ठरलेलं, जेवणाचे आचारी ठरलेले, जालन्यापासून पाहुणे निघणार आणि मंडळाकडं एका पोराचं नाव सांगायला नाही. मी खुर्चीत बसलो. मॅडम फोनवर "सर? सर?" करत होत्या. "सर, तुम्ही चालू मशीन काढलीत. बंद आहे ती कडुबा. सुगंधा तर व्यवस्थित चालू होती."

"अशक्य आहे," मी म्हणालो. "पाटी आहे तिच्यावर."

मागून मल्हाररावांचा आवाज आला. "सर, पाट्या म्या बदलल्या व्हत्या."

मी वळून बघितलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"दसऱ्याला," ते म्हणाले. "हिचं यंत्र खिडकीपाशी व्हतं. दुपारी लई ऊन येतं तिथं. ती घरातबी कायम दारातच बसायची, येणारं-जाणारं माणूस बघत. म्हणलं, दारात ठिवावं. पण यंत्र हलवाया गेलो तर वायरीच वायरी. मग काय, पेचकस घेतला आन् पाट्याच बदलल्या. कडुबाबा खिडकीत, ही दारात. यंत्राला काय फरक पडतोय, म्हणलं." मग त्यांनी खिडकीकडं बघितलं. "म्हंजी... इतके दिस ती चालूच व्हती?"

"हो," मी म्हणालो. "चालू होती. मी बंद केली."

मी आयुष्यात बऱ्याच लोकांना नापास केलंय, पण असं उत्तर मला कोणाला द्यावं लागलं नव्हतं. मल्हारराव खिडकीपाशी गेले आणि त्या गार होत चाललेल्या पेटीवर त्यांनी हात ठेवला. मला रडू येत होतं. शिक्षक असल्यामुळं मी चष्मा पुसला.

मेघा मॅडम खरोखर गुणी बाई. त्यांनी आम्हाला एका शब्दानं बोल लावला नाही. "माहिती गेलेली नाही सर. सारजाकडं सगळी आहे, पण ती एकटीच्या जबाबदारीवर काही बोलणार नाही. बंद पडलेलं कडुबा यादीतून काढलं की सारजा एकटी बहुमतात येईल. मग सुगंधाला नवीन सदस्य म्हणून परत घेऊ." मी म्हणालो, मग काढा लगेच. त्या म्हणाल्या, "फॉर्म लागेल सर. ठराव, दोन सह्या आणि फोटो. या वेळी पाटी..."

शनिवारी सकाळी मी आणि मल्हारराव चितेगावला. मल्हाररावांची सही गाडीतच झाली होती. नानासाहेबांनी माझं म्हणणं ऐकलं आणि त्यांचा रंगच बदलला.

"माझा बाप बंद पडला? कोण म्हणतं?"

"पाल शिरली होती हो..."

"कडुबा गेले तवा पंचक्रोशी लोटली व्हती सर! आन् त्यांच्यात पाल? ग्रुपवर काय तोंड दाखवू मी? नाय. सही नाय. माझ्या बापाला यादीतनं कोण काढतो तेच बघतो." ते उठून क्रेट मोजायला लागले. कारखान्यात क्रेट मोजायला चार माणसं होती, तरीही.

मी घड्याळ पाहिलं. अकरा वाजले होते. उद्या या वेळी मंगल कार्यालयात सनई सुरू होणार होती आणि मी माईकवर काय बोलायचं हे मला सुचत नव्हतं. राजीनाम्याचा मसुदा मात्र मनात तयार झाला होता, आणि तो चांगला झाला होता.

मल्हारराव क्रेटच्या थप्पीवर बसले. "नानासाहेब," ते म्हणाले, "म्याबी तीन दिस सही नाय केली. सरांनी रंगीत खडू आणले तरी नाय केली."

नानासाहेब मोजतच होते.

"मग केली. आन् माझी तर चालू असताना काढली या माणसानं." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "तुमचा तर खरंच बंद पडलाय. तुमाला काय अवघड?"

नानासाहेबांचं मोजणं चुकलं. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा मल्हाररावांकडं, आणि त्यांना हसू फुटलं. मग दोघंही म्हातारे पोटं धरून हसायला लागले. चार कामगारही हसले. मी हसलो नाही, कारण त्या विनोदात माझं स्थान काय आहे ते मला दिसत होतं. नानासाहेबांनी डोळे पुसले आणि सही केली. "पाटी मातर जपून ठिवा," ते म्हणाले. "नव्या यंत्रावर लावू."

कडुबांची पाटी दारातल्या बंद यंत्रावर लावून फोटो पाठवला आणि दुपारी दोनला कडुबा यादीतून गेले. पडद्यावर स्थळं परत उमटली, पहिल्यापासून शेवटच्या संस्कृतीपर्यंत. मेघा मॅडमनी सांगितलं त्याप्रमाणं मी सुगंधाबाईंना कोऱ्या सदस्य म्हणून आत घेतलं. सारजाबाईंनी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. खिडकीत घरघर सुरू झाली. मल्हाररावांनी स्वतः पेचकस घेऊन सुगंधाबाईंची पाटी जागच्या जागी बसवली, आपली खुर्ची दारातून उचलून खिडकीपाशी नेली आणि उन्हात बसले.

मेळावा झाला. चांगला झाला. माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला तेव्हा नानासाहेबांनी माईकवर सांगितलं की सरांना नारळ द्या, पेढा देऊ नका. म्हणजे शोध अण्णांनी परस्पर लावलेला होता. हसण्यानं मंगल कार्यालय दणाणलं आणि ज्ञानेश्वरी सगळ्यांत जास्त हसत होती.

सोमवारी मल्हारराव नेहमीप्रमाणं आले. खुर्चीत बसण्याआधी त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून घड्या पडलेलं रेशन कार्ड काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"सर, तुमाला फॉर्म भराया येत्यात. हिचं नाव काढायचंय."

मी चष्मा लावला आणि कार्डावरचं पहिलं नाव मोठ्यानं वाचलं, मग दुसरं. तिसरं सुगंधाबाईंचं होतं. तिथं बोट ठेवून मी त्यांच्याकडं बघितलं.

"व्हय," मल्हारराव म्हणाले. "या बारीला बरोबर हाय."